फी नाही म्हणणाऱ्याचं पोट कशावर चालतं? नागाळा पार्कातल्या एका घराचं प्रकरण

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परचेस बघतो. पिग आयर्न, भंगार, रेझिन, वाळू असला माल घेण्यात वीस वर्षं गेली. घराच्या सजावटीतलं मला काही कळत नाही आणि आक्कानं मला त्यासाठी बोलावलंही नव्हतं. "आरं, तू रोज माल विकणारी माणसं बघतोस की. घराच्या इंटिरियरसाठी आलेली एवढी तीन बघ," म्हणाली. दाजींचा आधी विरोध होता. घरच्या कामात ऑफिस कशाला आणायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढं त्यांनीच माझ्याकडनं तिघांच्या तुलनेचा तक्ता मागून घेतला.

घर दाजींच्या वडिलांनी १९८७ साली बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला. नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेला, पिलर-बीमचा सांगाडा नाही. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी आत गुडघ्याखाली थांबलं, २०२१ च्या जुलैत अडीच फूट चढलं. पहिल्या पुरानंतर फुगलेली कपाटं दुरुस्त केली, दुसऱ्यानंतर टाकूनच दिली. मग दीड वर्ष लोखंडी कपाट आणि प्लास्टिकच्या रॅकवर काढलं. २०२३ च्या जानेवारीत भाच्याचं लग्न ठरलं, तिथी डिसेंबरातली. तळमजल्यावरचं किचन, हॉल आणि दोन बेडरूम नव्यानं करायच्या, बारा लाखांच्या आत, आणि जूनच्या पावसाआधी. एवढ्यावर घरात एकमत झालं. बाकी कशावरच नव्हतं.

आलेले तिघे

पहिला दाजींच्या चुलतभावाच्या ओळखीतला. राजारामपुरीत गारेगार ऑफिस, बोलणं गोड. घर बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर थ्रीडी चित्रं आली. हॉल आणि किचनमधली भिंत गायब, मधे काळ्या दगडाचा ओटा, वर तीन लोंबते दिवे. भाचा तिथंच विरघळला. सगळं मिळून ११ लाख ८० हजार. "आणि डिझाइन फी आपल्याकडनं एक रुपया नाही दाजी, घरचं काम आहे."

दुसरी पुण्याची मोठी कंपनी, मॉड्युलर फर्निचरवाली. त्यांचा पोरगा लेझरचं यंत्र घेऊन आला, चटचट मापं घेऊन गेला. १३ लाख ६० हजार आणि दहा वर्षांची वॉरंटी. वॉरंटीचा कागद मी पूर्ण वाचला. पाणी साचणं, पूर आणि वाळवी या तिन्ही गोष्टी बाहेर काढलेल्या. नागाळा पार्कातल्या तळमजल्याला अशी वॉरंटी म्हणजे पावसाळा सोडून बाकी दिवस छत्री. शिवाय माल कारखान्यातून निघायच्या आधी ९० टक्के रक्कम भरायची होती. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

तिसऱ्या बाई मंगळवार पेठेत राहत्या घराच्या माडीवरनं काम करतात. आक्काच्या भिशीतल्या एकीनं नाव सुचवलेलं. ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा आल्या, तेवढ्यानंच दाजींच्या मनातून उतरल्या. चित्रबित्र काही आणलं नाही. घरभर फिरल्या, वरच्या मजल्यावर गेल्या आणि खाली येऊन विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं?"

आक्कानं हॉलमधला सोफा सरकवून भिंतीवरची पिवळट रेघ दाखवली. बाईंनी टेप लावून माप लिहून घेतलं.

त्या प्रश्नावर मी तिथंच भुललो होतो, हे कबूल करतो. नंतर डोकं थंड झाल्यावर वाटलं, यात काय विशेष? पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. पुराचं विचारणं म्हणजे कोल्हापूरकर असणं, भरवशाचं असणं नव्हे. आमच्याकडं येणारा प्रत्येक सप्लायर पहिल्या भेटीत शहाणेच प्रश्न विचारतो. म्हणून माझी तपासणी त्यानंतर सुरू झाली.

भिंत, कार्ड आणि कोटेशन

आधी भिंत. जी भिंत पहिल्यानं चित्रात उडवली होती, तिच्यावर स्लॅब टेकलेला आणि वरच्या मजल्यावर बरोबर तिच्याच डोक्यावर दुसरी भिंत. सांगाडा नसलेल्या घरात अशी भिंत म्हणजे खांबच. हे मला माहीत नव्हतं. बाई वर का गेल्या होत्या, हे विचारल्यावर कळलं. "खालची भिंत पाडायची का, हे वर जाऊन ठरतं," असं त्या म्हणाल्या आणि तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी बोलणार नाही, अशी पुस्ती जोडली. पहिल्याला मी फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, "काय होत नाही ओ, खाली एक लोखंडी गर्डर देऊया." गर्डर देता येतो, नाही असं नाही. पण किती जाडीचा, कशावर टेकवायचा, हिशेब कोण करणार आणि महापालिकेची परवानगी कोण काढणार, यातलं काहीच त्याच्या ११ लाख ८० हजारांत नव्हतं.

मग कार्ड. पहिल्याच्या कार्डावर ‘आर्किटेक्ट अँड इंटिरियर’ छापलेलं. आपल्याकडं इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला कुठलंही सरकारी लायसन लागत नाही. उद्या मी पाटी लावली तरी कुणी अडवणार नाही. आर्किटेक्ट या शब्दाचं तसं नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असलेल्यालाच तो लावता येतो. नोंदणी क्रमांक ‘सीए’नं सुरू होतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. याचं नाव तिथं नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, माझे पार्टनर आर्किटेक्ट आहेत. पार्टनरचं नाव विचारलं तर ते सध्या पुण्याला असतात. मी पुढं ताणलं नाही. बाईंच्या कार्डावर नुसतं नाव, फोन नंबर आणि ‘इंटिरियर डिझायनर’.

कोटेशन हा माझा प्रांत. पहिल्याचं कोटेशन तीन पानी, रंगीत, आणि निम्म्या ओळींपुढं ‘लमसम’, म्हणजे मोजमाप न देता ठोक आकडा. बेडरूममधलं कपाट सात बाय नऊ फूट, दर १,३५० रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे ८५,०५० रुपये. ही मोजणी समोरच्या बाजूची असते, आत किती फळ्या आहेत त्यावर नसते, ती या धंद्याची रीतच आहे. पण त्या नऊ फुटांतले वरचे दोन फूट लॉफ्टचे, म्हणजे माळ्याचे होते. लॉफ्टला ना ड्रॉवर ना खण, तरी दर तोच. आणि खालच्या ड्रॉवरचे पैसे पुढच्या पानावर वेगळे.

प्लायपुढं ‘ब्रँडेड वॉटरप्रूफ प्लाय’ असं लिहिलेलं. आमच्याकडं कुणी ‘चांगलं लोखंड’ असं लिहून दिलं तर मी कागद परत पाठवतो. प्लायला आयएस नंबर, म्हणजे भारतीय मानकाचा नंबर असतो. ३०३ नंबर साध्या घरगुती वापराच्या प्लायचा, ७१० नंबर मरीन प्लायचा, ज्याच्या चिकटाईची परीक्षा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. नंबर आणि आयएसआयचा शिक्का शीटवर असतो. एकदा सनमायका चिकटला की आत काय आहे ते सुताराला ठाऊक आणि देवाला. मी अंदाजे हिशेब मांडला. या कामाला ४२ शीट लागतील, एक शीट आठ बाय चार म्हणजे ३२ स्क्वेअर फूट, एकूण १,३४४. त्या दिवसात साध्या आणि मरीन प्लायच्या दरात फुटाला ४५ रुपयांचा फरक मला दुकानात सांगितला गेला. म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ या एका मोघम शब्दाच्या पोटात साठ हजार रुपये सहज मावतात.

पहिल्याला नंबर लिहून मागितला. "विश्वास नाही होय आमच्यावर?" म्हणाला. दाजींना ते लागलं, कारण मधे चुलतभाऊ होता. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. ओळखीतून आलेल्या माणसाची खरी अडचण हीच. काम वाईट निघालं तर पैसे जातात, आणि प्रश्न विचारले तर नातं जातं.

एकच प्रश्न, तिघांना

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मला ‘फी नाही’ या दोन शब्दांत दिसत होती. चार महिने एखादा माणूस आपल्या घरासाठी चित्रं काढणार, सुतारामागं फिरणार, आणि फी घेणार नाही, तर त्याचं घर कशावर चालतं? कामातल्या नफ्यावर आणि दुकानदाराच्या कमिशनवर. प्लायवाला, सनमायकावाला, फरशीवाला, बिजागरीवाला, यातले बरेच जण डिझायनरला टक्केवारी देतात. हे चोरून चालत नाही, धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, फक्त घरमालकाला सांगत नाहीत. कमिशन खाणारा प्रत्येक जण लबाड असतो असंही मी म्हणणार नाही. पण ज्याचं उत्पन्न आपल्या बिलाच्या आकड्यावर वाढतं, त्यानं ‘हा स्वस्तातला घ्या, चालतोय’ म्हणावं, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

तिघांना मी एकच विचारलं, "दुकानातनं तुम्हाला काय मिळतं?"

पहिला हसला आणि म्हणाला, छे छे, आपण त्यातले नव्हे. कंपनीचा पोरगा म्हणाला, आमची पॉलिसी पारदर्शक आहे. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मिळतं. सनमायकाचा एक आणि बिजागरीचा एक, दोघं आठ टक्के देतात. प्लायवाला देत नाही, तो सुताराला देतो. तुम्ही मला फी देणार असाल तर ते आठ टक्के तुमच्या बिलातच कमी करायला सांगते. फी देणार नसाल तर मी घेणार, आताच सांगते."

‘घेते’ असं तोंडावर सांगणारा माणूस मला वीस वर्षांत चार-पाच वेळाच भेटला असेल.

त्यांची पद्धत अशी होती. डिझाइन आणि देखरेखीची फी ८५ हजार, चार टप्प्यांत. माल आम्ही आमच्या नावानं, आमच्या बिलावर घ्यायचा. सुताराशी मजुरीचा करार वेगळा. एकूण अंदाज १० लाख ९० हजार. दाजींनी लगेच खोट काढली, बाईंच्या बिलावर जीएसटी नंबर नाही! ही शंका बऱ्याच जणांना येते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्यानं जीएसटी लावायचाही नसतो. बाई फक्त फी घेतात, माल त्यांच्या नावावर फिरत नाही, म्हणून उलाढाल कमी. उलट पहिल्याकडं नंबर होता, मी तो पोर्टलवर टाकून बघितला, चालूही होता, आणि तरी तो म्हणत होता, "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील, रोखीत करूया." पाच वर्षांपूर्वी मीही हो म्हटलं असतं. पण बिल नसेल तर उद्या भांडण झाल्यावर ग्राहक आयोगापुढं दाखवायचं काय? २०१९ च्या कायद्यानं जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. हे सगळं ज्याच्या हातात कागद आहे त्याच्यासाठी.

जुनी घरं आणि लक्ष्मीपुरीतला काउंटर

दोघांकडून जुन्या कामांचे पत्ते मागितले, आणि अट घातली की काम तीन वर्षांपेक्षा जुनं हवं. नवं काम सगळ्यांचंच देखणं असतं. पहिल्यानं आठ महिन्यांपूर्वीचे दोन फ्लॅट दाखवले, दोन्ही सुंदर. बाईंनी फुलेवाडीतलं सहा वर्षांचं घर दाखवलं. तिथं मी सिंकखालचं कपाट उघडून तळाला हात लावला, ड्रॉवर भरलेले असताना ओढून बघितले. एक शटर खाली आलं होतं. घरच्या वहिनींना विचारलं, पहिला अंदाज किती आणि शेवटचा आकडा किती? त्या म्हणाल्या, आकडा फार नाही चुकला, पण काम पाच आठवडे लांबलं आणि बाई फोन उचलत नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "पण आल्या की खोटं बोलत नाहीत."

शेवटची चौकशी लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात. डिझायनर कसा आहे हे काउंटरवर विचारायचं नसतं, तिथं सगळेच भारी असतात. मी नुसतं विचारलं, यांच्या साइटवर माल उधारीवर जातो का? बाईंचं नाव ऐकून दुकानदार म्हणाला, त्यांचं नाही, मालकच येऊन पैसे भरतो. पहिल्याचं नाव घेतल्यावर तो वही चाळायला लागला आणि मग वही मिटून म्हणाला, "चहा घेणार?"

एका साइटच्या ॲडव्हान्समधून मागच्या साइटची उधारी फेडली जाते आणि मग शेवटच्या साइटचं काम ९० टक्क्यांवर अडकतं. अशी अडकलेली घरं या गावात कमी नाहीत. चहा घेतला आणि घरी येऊन आक्काला सांगितलं, बाईंना बोलव.

काम

करार दोन पानांचा केला. प्लायचा आयएस नंबर, सनमायकाची जाडी, बिजागरीचा ब्रँड आणि मॉडेल, बदल झाल्यास आधी लेखी रक्कम. प्रत्येक शीट कापायच्या आधी शिक्क्याचा फोटो, ही जबाबदारी भाच्याची. पैशांत एकच कलम मी हट्टानं घातलं, थोडी रक्कम दसऱ्यापर्यंत मागं ठेवायची. मार्चात केलेलं लाकूडकाम मे महिन्यात झकास दिसतं. जुलै-ऑगस्टची हवा खाल्ल्यावर कळतं कुठलं दार फुगलं.

यावर सुतार अडला. राजस्थानचा माणूस, पंधरा वर्षं कोल्हापुरात, मराठी माझ्यापेक्षा रांगडं. मी पंचवीस हजार मागं ठेवतो म्हटल्यावर म्हणाला, "साहेब, माझी सहा पोरं आहेत साइटवर. पंचवीस हजार दसऱ्यापर्यंत तुमच्याकडं अडकले तर जूनला त्यांना काय देऊ?" त्याचं खरं होतं. आमच्या कंपनीतही लहान सप्लायरचे पैसे थकवून आम्ही वर गुणवत्तेवर भाषण देतो. शेवटी त्याचे दहा हजार आणि बाईंच्या फीचे पंधरा हजार असं ठरलं.

पुरासाठी बाईंनी केलेलं काम मला मनापासून आवडलं, कारण त्यात दिखावा काही नव्हता. "मरीन प्लाय म्हणजे पुरात बुडवायची परवानगी नव्हे," असं त्यांनी आधीच सांगितलं. म्हणून ओट्याखाली प्लाय नाहीच. जुन्या पद्धतीचे कडप्प्याचे खण आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटरं, पाणी ओसरलं की पाइप मारून धुवायची. विजेचे सगळे बोर्ड चार फुटांवर, तळमजल्याचं वायरिंग वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे वेगळ्या सुरक्षा स्विचवर. बेडरूमची कपाटं एकसंध नाहीत, बोल्टनं जोडलेले तीन-तीन भाग, दोन माणसांनी सुटे करून माडीवर न्यावेत असे. इंजिनिअरनं बघून नाही म्हटल्यावर भिंत राहिली. तिच्यात फक्त ताट सरकवण्याएवढी खिडकी, तीही वर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई टाकून. भाचा आठवडाभर फुगून बसला.

चुका झाल्या. चिमणीचा पाइप जिथून बाहेर काढायचा तिथंच बाहेरच्या अंगानं ड्रेनेजची लाइन होती, ते बाईंनी बघितलंच नव्हतं. दोन टाइल फोडाव्या लागल्या. त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं आणि खर्च फीमधून कापून घेतला. आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी, लोणच्याच्या बरण्या, पाटा-वरवंटा हे कुठं ठेवायचं, ते त्यांच्या नकाशात कुठंच नव्हतं. किचन काढताना त्यांनी आक्काशी दहा मिनिटंसुद्धा बसून बोललं नव्हतं. आक्का नकाशा बघून म्हणाली, "हे ताटं-वाट्या मांडायचं दुकान आहे, यात स्वयंपाक कोण करणार?" मग जिन्याखाली कडप्प्याचं एक वेगळं कोठार निघालं. त्याचे पैसे वाढले, आणि जुनं वायरिंग सगळंच बदलावं लागल्यामुळं ४६ हजार. शेवटचा आकडा ११ लाख ६८ हजार, अंदाजापेक्षा सात टक्क्यांनी वर. म्हणजे पहिल्याच्या आकड्यापेक्षा बारा हजारांनी कमी, फार काही वाचवलं असं नाही. दाजी अजून हा हिशेब मला ऐकवतात. मी त्यांना एवढंच म्हणतो की आपल्याकडं १९ बिलं आहेत आणि प्रत्येक शीटचा फोटो आहे.

काम पंधरा जूनला संपायच्या ऐवजी आठ जुलैला संपलं. जुलैच्या शेवटी नदी वाढायला लागली तेव्हा आक्कानं कुणाची वाट बघितली नाही. भाच्याला आणि त्याच्या मित्राला कामाला लावून एक कपाट सुटं करून वर नेऊन बघितलं. चाळीस मिनिटं लागली. एक बोल्ट मात्र गंजून अडकला होता, तो शेवटी करवतीनं कापला. त्या वर्षी पाणी घरात आलं नाही.

दसऱ्यानंतर बाई आल्या, पुन्हा अर्धा तास उशिरा. शटरं एकेक उघडून बघितली, दोन बिजागऱ्या घट्ट केल्या. आक्कानं कापलेला बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला, "स्टीलचे सांगितले होते मी," म्हणाल्या आणि तिथूनच सुताराला फोन लावला. चोवीस बोल्ट बदलून झाल्यावर पंधरा हजारांचा चेक घेतला.